टाकीमागचा घेवडा

मीटरकाकांचा संशयी स्वभाव नोकरीमुळे झाला की जन्मापासूनच होता, देव जाणे. चाळीस वर्षं त्यांनी घरोघरचे विजेचे मीटर तपासले. कुणी सील तोडलंय, कुणी आकडा टाकलाय, हे हुडकण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर ते आमच्या इमारतीमागच्या सामायिक बागेत आले, तेही तीच नजर घेऊन.

बागेत बारा वाफे, आणि माझं नशीब असं की त्यांचा वाफा माझ्या शेजारी. मी शिवणकाम करते, त्यामुळे पिशवीत कात्री असतेच. काकांना तेवढं पुरे होतं. सकाळी टोमॅटो मोजायचे आणि माझ्याकडे बघत मोठ्याने म्हणायचे, "काल नऊ होते." एकदा तर चक्क माझ्या पिशवीत डोकावले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू!

बागेचा नियम साधा आहे. रविवारी जे तयार असेल ते प्रत्येकाने आणायचं, अंगणात एकत्र शिजवायचं आणि एकत्र जेवायचं. लपवाछपवी करायची नाही. बी धरायचं असेल तर वेलाला चिंधी बांधायची, मग त्याला कुणी हात लावत नाही.

हंगाम सरत आला तसे काका रोज पाण्याच्या टाकीमागे जायला लागले. जाताना मागेपुढे बघायचे, येताना हात झटकायचे. रविवारी मात्र दोन वांगी आणून मोकळे. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलं. जगाला चोर ठरवणारा माणूस स्वतःच माल दडवतोय, याचा मला रागही आला आणि आनंदही झाला.

शनिवारी ते दवाखान्यात गेले आणि मी टाकीमागे घुसले. घेवड्याचा एकुलता एक वेल, जांभळ्या रेषांच्या भरलेल्या शेंगांनी लगडलेला. चिंधीबिंधी काही नाही. सापडलात काका! मी एक शेंग मागे ठेवली नाही.

रविवारी भाजी मीच केली. काकांनी दोनदा मागून घेतली. "आमच्या हिच्या हातची चव आली," ते म्हणाले. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. "कुणाच्या वाफ्यातल्या शेंगा गं?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होते. "तुमच्याच की! टाकीमागच्या."

सगळे खो खो हसले. काकांचा घास हातातच राहिला.

"बियाला ठेवल्या होत्या," ते म्हणाले. "हिचा घेवडा तो. डबीतलं होतं नव्हतं ते सगळं बी यंदा पेरलं, त्यातलं एकच रुजलं. चिंधी बांधली असती तर चोराला आयताच पत्ता मिळाला असता, म्हणून मी…" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणं आटोपली. मी नळाखाली भांडी घासत होते, तेव्हा काका माझ्याशेजारी येऊन उकिडवे बसले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "खरं सांग, मी कुणाला बोलणार नाही. त्यातल्या चार शेंगा तू गुपचूप घरी नेल्या असशील ना? आठवून बघ जरा. दाणे भरले होते, सावलीत वाळवल्या तर एखादा रुजेल."

"नाही हो काका," मी म्हणाले. "एकही नाही नेली."