नीळकंठरावांचे दोन्ही हात

आमचे भाऊजी नीळकंठराव, म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. ते हळू आवाजात बोलल्याचं मी त्यांच्या घरी राहत असताना दोनदाच ऐकलं, आणि त्यातल्या एकदा त्यांना टायफॉइड झाला होता. एरवी राग नाकाच्या शेंड्यावर. भोपाळहून सीहोर आणि आष्ट्याला गाड्या सोडणाऱ्या एका खासगी मोटर कंपनीत ते तिकीट तपासनीस होते. मुंगी चावली तर मुंगीला जाब विचारणाऱ्या माणसाला फुकट्या प्रवाशांवर नेमणाऱ्या मालकाची मला गंमत वाटायची. पण मालकाचं चुकलं नव्हतं. भाऊजी चढले की अख्खी गाडी आपापले खिसे चाचपू लागे. पुढे भोपाळ राजधानी झालं, मोठा कारखाना आला, भाऊजींनी आनंद नगरात दोन खोल्या बांधल्या, तेव्हा गवंड्यांनीही त्यांचा धसका घेतला होता.

हात उचलायलाही त्यांना वेळ लागत नसे. घरात मात्र कधीच नाही, हे आधी सांगायला हवं. अक्कावर, माझ्यावर, नुकत्याच चालू लागलेल्या सुचेतावर त्यांचा फक्त आवाज चढायचा, आणि अक्काने ‘झालं?’ एवढं विचारलं की उतरायचा. मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी बऱ्हाणपूरहून त्यांच्याकडे येऊन राहिले होते. परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून मला चहा करून देणारा हाच माणूस. ‘अजून पाठ नाही? वर्षभर काय माशा मारत होतीस, शशी?’ असं ओरडत कप आदळायचे, पण चहात आलं घालायला विसरायचे नाहीत. माझा त्यांच्यावर फार जीव होता आणि आहे.

एकोणीसशे पंचावन्नच्या उन्हाळ्यात या माणसाने गोव्याला सत्याग्रहाला जायचं काढलं. त्यांचं आजोळ पेडण्याचं. देश स्वतंत्र होऊन आठ वर्षं होत आली होती, भोपाळची नबाबी जाऊन सहा, पण गोव्यात अजून पोर्तुगीजच बसले होते. गेल्या वर्षापासून तर तिकडे जायला परवाना लागू लागला होता. ‘आजीच्या हातची पेज प्यायला मी परदेशात जायचं?’ असं ते दिसेल त्याला विचारत, जणू परवान्याचा कायदा त्यानेच केलाय. देशभरातून तुकड्या सीमा ओलांडायला निघाल्या होत्या, तशी एक भोपाळहूनही निघणार होती. शपथ साधी होती. काठी नाही, दगड नाही, कितीही मार बसला तरी हात उचलायचा नाही.

शपथ ऐकून आमची जुमेराती मोहल्ल्यातली गल्ली पोट धरून हसली.

मग शहाणपण शिकवणाऱ्यांची रीघ लागली. तिकडे बंदुका आहेत, आधी गेलेले हातपाय मोडून परत आलेत, पदरात एवढीशी पोर आहे, रत्नप्रभा, तू बायको आहेस की कोण, अडव की त्यांना! अक्का सगळ्यांना चहा देई आणि ऐकून घेई. एका संध्याकाळी भाऊजींच्या देखतच ती म्हणाली, “हे मार खातील याची मला भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती हे मारतील याची आहे. यांनी एक ठोसा ठेवून दिला की समोरच्यांना निमित्त मिळेल. मग गोळ्या सगळ्या तुकडीवर सुटतील.”

मी कानात बोटं घालायच्या तयारीत होते. पण भाऊजी ओरडले नाहीत. “खरं आहे तुझं,” असं म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

ते गेले मुन्ने मियाँकडे. मुन्ने मियाँ टांग्याच्या अड्ड्यावरचे म्होरके. बसवाले आणि टांगेवाले यांचं तेव्हा विळ्याभोपळ्याचं सख्य, पण या दोघांची दोस्ती घट्ट होती. जिभेच्या बाबतीत मुन्ने मियाँचा हात धरणारा अख्ख्या शहरात कोणी नव्हता. भाऊजींनी त्यांना विनंती केली की रोज सकाळी मला भर अड्ड्यावर डिवचायचं, आणि माझा हात उठला की मी नापास.

“को खाँ, ये काम तो हम वैसे भी कर रिये थे,” मुन्ने मियाँ म्हणाले. “अब फरमाइश पे करेंगे.”

पहिल्या सकाळी त्यांनी सुरुवात हळूच केली. “वालिद ने नाम रक्खा नीलकंठ, और जहर का एक घूँट न पिया जा रिया!” भाऊजींनी दात आवळले आणि निभावून नेलं. दुसऱ्या सकाळी मुन्ने मियाँ घोड्याला म्हणाले, “सुन रिया है? जिनके घर दाल में गुड़ पड़ता है, वो जा रिये हैं फिरंगी से लड़ने!” आईच्या आमटीवर घसरल्याबरोबर भाऊजींच्या मुठीत त्यांची कॉलर आली. “फेल!” मुन्ने मियाँ लटकल्या लटकल्या आनंदाने ओरडले.

त्यानंतर नापास होण्याचा सपाटाच लागला. भाऊजींनी रामरक्षा म्हणून पाहिली, जीभ चावून पाहिली, हात पाठीशी बांधून पाहिले. पाठीशी बांधलेले हात पुढे कसे यायचे ते त्यांनाच कळायचं नाही. गल्लीला सकाळची करमणूक मिळाली होती, पण भाऊजी घरी येऊन मुकाट्याने जेवू लागले. आमटीत मीठ कमी पडलं तरी बोलेनात. त्यांना खरंच जायचं होतं हो! आणि आपलाच स्वभाव आडवा येतोय हे त्यांना दिसत होतं. तेव्हा मला त्यांची दया आली.

पावसाळा तोंडावर आला तशी शेजारच्या कमलिनीबाईंकडे आम्ही बायकांनी मिळून वर्षाचं लोणचं घातलं. आमच्या वाटणीची भरलेली बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरून भाऊजी पुढे चालले होते, मागे अक्का, मी आणि सुचेता. अड्डा आला. मुन्ने मियाँ त्या दिवशी भलतेच रंगात होते. आमटीपासून सुरुवात करून ते आजीच्या पेजेवर आले, तिथून आजोबांच्या मिशांवर, आणि मग असं काही बोलले की ते मी इथे लिहिणार नाही. भाऊजींची मान लाल झाली, कपाळाची शीर फुगली. पण ते जागचे हलले नाहीत, आणि बरणीतून तेलाचा थेंब सांडला नाही.

“पास! खाँ, पास!” मुन्ने मियाँनी टोपी उडवली. सगळा अड्डा टाळ्या पिटू लागला. भाऊजी लहान मुलासारखे हसत होते. अक्का मात्र हसली नाही. ती त्यांच्या हातांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी भाऊजी मोकळ्या हातांनी गेले आणि पुन्हा नापास झाले.

तुकडी निवडायचं काम अच्युतरावांकडे होतं. हे जुने मास्तर, बोलणं मोजकं. जुलैअखेर एका दुपारी भाऊजी कामावर असताना ते मुद्दाम आले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पाट घेऊन बसले. मी आत परातीत तांदूळ निवडत होते.

“वहिनी, नीळकंठाची तळमळ मला दिसते,” ते म्हणाले. “पण त्याच्याबरोबर दुसऱ्यांचे जीव आहेत. तो हात आवरेल का, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तुम्ही सांगाल तसं करतो.”

अक्काला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. खोटंही बोलावं लागलं नसतं, रोजचा अड्डा साक्षीला होता. नवरा घरी राहिला असता, पोरीचा बाप घरी राहिला असता, आणि तिला कोणी नाव ठेवलं नसतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण ना, म्हणून टाक! ती चुलीतली राख सारखी करत राहिली. मग वर न बघता म्हणाली, “मोकळ्या हातांनी नाही आवरणार. त्यांच्या हातात झेंडा द्या. हातातली वस्तू ते टाकत नाहीत. दोन्ही हातांनी धरायला सांगा.”

अच्युतराव पाटावरून अर्धवट उठले. “वहिनी, झेंडेवाला सगळ्यांच्या पुढे असतो. पहिला तडाखा…”

“माहीत आहे मला. पेपर मीही वाचते.”

ते गेल्यावर मी तिच्यावर तोंड टाकलं. काय काय बोलले ते आठवत नाही, बरंच बोलले. ती एवढंच म्हणाली, “शशी, मला जे ठाऊक आहे ते मी कसं लपवू? मागून चालणाऱ्यांच्या घरीही बायका आहेत.”

तुकडी गेली. पंधरा ऑगस्टला सीमेवर गोळीबार झाला आणि माणसं मेली, हे शेजारच्या रेडिओवर कळलं. कोण, कुठली, काही कळेना. अक्का रांधत होती, सुचेताला न्हाऊ घालत होती. रडली मात्र नाही. मुन्ने मियाँ रोज टांगा घेऊन स्टेशनवर जाऊन बसत आणि रिकामा टांगा घेऊन परत येत.

एका दुपारी तो भरून आला. भाऊजी दाढी वाढलेले, खांदा प्लास्टरमध्ये, उजव्या हाताची बोटं फळीला बांधलेली. अच्युतराव दारातूनच म्हणाले, “वहिनी, त्याने हात उचलला नाही,” आणि पाणीही न घेता वळले. मुन्ने मियाँ घोड्याच्या मानेत तोंड खुपसून उभे होते.

अक्काने भाऊजींना भात भरवायला घेतला. दोन घास पोटात जाताच त्यांना कंठ फुटला. “माझी उंची बघून अच्युतरावांनी झेंडा माझ्याकडे दिला, बरं का! पुढे मीच!”

अक्काचा हात ताटातच थांबला. “उंची बघून नाही. मी सांगितलं होतं. हात गुंतलेले असले तरच तुम्ही आवराल, म्हणून. पुढच्याला काय होतं ते ठाऊक असून मी सांगितलं.”

आता छप्पर उडणार असं वाटलं. पण भाऊजी इतकं हळू बोलले की मला पुढे सरकावं लागलं.

“माझ्या मागच्या म्हाताऱ्याला त्यांनी खाली पाडून तुडवलं. तेव्हा मी झेंडा एका हातात घेतला होता, रत्ना. दुसरी मूठ वळलेली होती. तो शिपाई इथे होता, एवढ्यावर. मी मारू शकत होतो.” त्यांनी फळीला बांधलेली बोटं जराशी वर उचलली. “पण तो हात मी परत झेंड्याच्या काठीवर ठेवला. मीच ठेवला. तिथेच मग बंदुकीचा दस्ता बसला.”

“मी तुम्हाला एवढंसुद्धा ओळखलं नाही?” अक्का म्हणाली. आणि इतके दिवस न रडलेली माझी बहीण खरकट्या हाताने त्यांचा तो हात धरून मोठमोठ्याने रडली. भाऊजी तिला गप्प करत नव्हते, कारण तेही रडत होते.