नाव राहिलं

आमच्या आंबी गावच्या सरुबाईला कुणी कवयित्री म्हटलं, तर ती पदर तोंडाला लावून हसेल. पण आमच्या आळीत लग्न ठरलं की नवरीची आई आधी तिचंच दार वाजवते. नवरीला शोभेल असा उखाणा ती भाकरी थापता थापता जुळवून देते.

तिचा खरा कारखाना मात्र नवऱ्याच्या ताटापाशी. अंबाजी तुंगार्लीतल्या एका बंगल्यावर माळीकाम करतो. संध्याकाळी तो दमून आला की ताट वाढताना सरुबाई उखाण्यात त्याचं नाव घ्यायची. एरवी नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही तिची रीत. तो ऐकायचा, मान हलवायचा आणि मग पहिला घास घ्यायचा.

पुढं तळेगावात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाण्यांची स्पर्धा झाली आणि परंदवडीची चंपा पैठणी घेऊन गेली. झालं! सरुबाईच्या डोक्यात चंपा जाऊन बसली. चंपाचा उखाणा लांब होता, मग आपला त्याहून लांब हवा. चंपानं इंद्रायणी नदी आणली, मग आपण गडकिल्ले आणू. मोबाइलवर लोकांचे उखाणे ऐकायचे आणि स्वतःचं जुळवलेलं मोडायचं, वर्षभर हेच. साध्या दोन ओळी तिला पोरखेळ वाटू लागल्या. ताटावरचा उखाणा कधी बंद पडला, तेही तिच्या ध्यानात आलं नाही. मला तर तिचा रागच यायचा. गप्पा मारायला जावं, तर बाई आपली यमकं पुटपुटत बसलेली.

पुढच्या संक्रांतीला ती मंचावर उभी राहिली. लोहगड आला, तिकोना आला, पवनेचं पाणी आलं, आंबेमोहराचा वास आला. अख्खं मावळ तिनं यमकात बसवलं. टाळ्या थांबेनात. शेवटची ओळ टाकून, चंपाकडे एकदा बघून ती खाली उतरायला लागली, तोच परीक्षक बाई म्हणाल्या, "ताई, फार सुंदर. पण नाव?"

सरुबाई पायरीवरच थिजली. मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, सगळं वऱ्हाड आणलंस आणि नवरदेव घरीच ठेवलास की!" सगळ्या बाया पोट धरून हसल्या. खरं सांगायचं तर मीही हसले. पैठणी पुन्हा परंदवडीला गेली.

त्या संध्याकाळचं तिनंच मला नंतर सांगितलं. अंबाजीपुढं ताट ठेवलं आणि तिला रडूच फुटलं. "समद्यांदेखत हसं झालं वो माझं. तुमचं नावच घ्यायचं ऱ्हायलं."

अंबाजी ताटाकडे बघत म्हणाला, "हितं बी लय दिस झालं, घेतलं न्हाईस."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तिला ते जास्त लागलं. रोज हा माणूस ताटापुढं जरासा थांबत होता आणि मग मुकाट्यानं जेवत होता. ती मात्र चंपाच्या ओळी मोजत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं डोळे पुसले आणि समोर होतं त्यावरच सुरू केलं,

"मेथीत पडलं मीठ जास्त, कांदा ऱ्हायला कच्चा,
अंबाजीराव जेवत्यात गुमान, माणूस लय सच्चा."

अंबाजीनं मान हलवली आणि पहिला घास घेतला. "खरंच खारट हाय गं," तो म्हणाला, आणि दोघंही हसायला लागले.

यंदाही आम्ही दोघी तळेगावला गेलो. चंपाचा उखाणा सरुबाईनं पहिल्यांदाच नीट ऐकला. "काय गोड म्हणती गं ही!" असं मला म्हणाली आणि हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या. वाण घेऊन निघताना चंपानं तिला दारात अडवलं.

"सरुताई, यंदा नाव न्हाई घेत व्हय?"

"घेते की," सरुबाई पायात चप्पल सरकवत म्हणाली. "घरी जाऊन. ते येतीलच आता."