जाड रेघ, बारीक रेघ

"लाल रंग डोळ्यांना टोचतो, म्हणून बदलला. त्यात एवढं काय, ताई?"

"तो डोळ्यांसाठी नव्हताच, मनोज. कागदासाठी होता."

सकाळपासून निलोफरने हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि मनोजने तिसऱ्यांदा हसून खुर्ची गोल फिरवली. आर्किटेक्ट गायधनी साहेबांचा हा पुतण्या पुण्याहून शिकून आलेला. गिऱ्हाइकाला पडद्यावर नकाशा देखणा दिसावा म्हणून त्याने साऱ्या भिंती एकाच निळ्या रंगात रंगवल्या होत्या. तिला न विचारता.

निलोफर ब्याण्णव साली सातपूरच्या आयटीआयमधून इथे नकाशे काढायला आली, तेव्हा साहेबांनीच तिच्या हाती शाईचं पेन देऊन बजावलं होतं, जाड रेघ उभी राहते, बारीक रेघ पडते. जुन्या घराचं काम असलं की राखायची भिंत जाड, पाडायची बारीक. मिस्त्री लोकांनाही हे पाठ. पुढे काँप्युटर आला आणि पडद्यावर सगळ्याच रेघा सारख्या दिसू लागल्या. मग तिने प्रत्येक तऱ्हेच्या भिंतीला फायलीत वेगळा लेयर, म्हणजे थर दिला, लेयरला रंग दिला आणि लाल असेल ते जाड, बाकीचं बारीक छापायचं, हे नकाशे छापणाऱ्या प्लॉटरला शिकवलं. सहा महिने खपली बाई त्यापायी. तिच्या फायली म्हणजे मसाल्याचा डबा, डोळे मिटून हात घाला, असं साहेब चारचौघांत सांगत.

आणि काल इंदिरानगरच्या बंगल्यात काळू मिस्त्रीने गिऱ्हाईक ललिताबाईंच्या स्वयंपाकघराची राखायची, धडधाकट भिंत पाडली. घडी पडलेला नकाशाचा कागद घेऊन तो ऑफिसच्या जिन्यातच उभा राहिला होता. "बाई, सगळ्याच बारीक हाय. मी पाडीत गेलो."

साहेब आले ते ललिताबाईंना द्यायचं पत्र टाइप करूनच. मिस्त्रीने नकाशा चुकीचा वाचला, अशी एक ओळ. नकाशाच्या कोपऱ्यात 'काढणार' म्हणून निलोफरच्या नावाची आद्याक्षरं होती, तेव्हा सहीही तिचीच हवी. सही झाली की काळूला या ऑफिसचं काम कायमचं बंद. अकरा वर्षं इथलं काम करणारा माणूस.

"मी नाही करणार," निलोफर म्हणाली.

"मग काय, गिऱ्हाइकासमोर घरच्या पोराचं नाव घेऊ?"

"नावाचं नंतर बघू." तिने काळूचा कागद साहेबांच्या टेबलावर पसरला, चारही कोपऱ्यांवर हाताला येईल ते वजन ठेवलं. "तुम्हीच शिकवलंत मला. यातली पाडायची भिंत कुठली, ते दाखवा."

साहेबांनी चष्मा लावला. बोट स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेलं, थांबलं, पुढच्या भिंतीवर सरकलं, तिथेही थांबलं. मनोजची खुर्ची फिरायची थांबली.

"साहेब, कुठली?"

त्यांनी चष्मा खिशात घातला, "ललिताबाईंकडे जाऊन येतो," म्हणत स्कूटरची किल्ली उचलली आणि जिना उतरून गेले. पत्र टेबलावरच राहिलं, सहीविना.