यादवचं नाव खोडून

पुराच्या कामासाठी आमची मेडिकल डिटॅचमेंट शहाडला पोचली तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते. वार बुधवार. मी तेव्हा लष्करात नर्सिंग ऑफिसर होते, रँक मेजर, सर्व्हिस अठरा वर्षांची. आमच्यासोबत एक डॉक्टर होते, कॅप्टन राव. तीन नर्सिंग असिस्टंट, एक ड्रायव्हर, एक अँब्युलन्स आणि एक वायरलेस सेट. उल्हास नदीचं पाणी दोन दिवसांपासून वस्तीत होतं. बोटी दुसऱ्या युनिटच्या होत्या. आम्ही एका शाळेच्या पहिल्या मजल्यावर कॅम्प लावला. सातवीच्या वर्गात पेशंट, आठवीच्या वर्गात औषधं, प्रयोगशाळेत आमचं सामान.

हा भाग माझ्या ओळखीचा. माझं लहानपण कल्याणात गेलं. माझे वडील तिथेच तिसऱ्या मजल्यावर राहत होते, सुरक्षित होते. ते निवृत्त शिक्षक आणि आमच्या मंडळीतले वडील. चर्चची जबाबदारी वाहणाऱ्या ज्येष्ठांना आमच्याकडे वडील म्हणतात. मी त्यांना पप्पा म्हणते.

डोंबिवलीच्या आमच्या महिला मंडळाने मला नम्रतेवर बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. मला भाषण येत नाही. नम्रतेविषयी मला जे माहीत आहे ते त्या शाळेतल्या तीन दिवसांपुरतं आहे. ते लिहून देते, असं मी कबूल केलं.

कॅम्पचं रूटीन साधं होतं. पाचला उठणं, साडेपाचला पाणी उकळणं, सव्वासहाला बोट डॉक्टर आणि एका नर्सिंग असिस्टंटला घेऊन निघायची. बोटीवर कोण जाणार याची यादी आदल्या संध्याकाळी मी लिहायची. उरलेल्या दोघांनी माझ्यासोबत कॅम्प सांभाळायचा. ताप, जुलाब, पायात घुसलेले पत्रे, एक बाळंतपण. पहिल्या दिवशी एकशेचाळीस पेशंट झाले.

तिघांत सीनियर हवालदार भास्कर साळवे. वय एकोणचाळीस, उंची बेताची, आवाज हळू. घर टिटवाळ्याला. त्यांची एक सवय होती. कुठलंही इंजेक्शन भरण्याआधी एकाने लेबल मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने ते डोळ्यांनी बघायचं. नियम सगळीकडे हाच आहे. गर्दीत तो सगळीकडे मोडतो. साळवेंकडे मोडत नसे. तिघांतला दुसरा, नाईक यादव, त्यांची थट्टा करायचा. "साळवे साहेब पाणी पितानाही ग्लासावरचं लेबल वाचतात." साळवे म्हणायचे, "वाचतो. तू भरलेला असेल तर दोनदा वाचतो."

अठरा वर्षांत माझ्या हातून औषधाची एकही चूक झाली नव्हती. हे मला माहीत होतं आणि इतरांनाही माहीत असावं याची मी काळजी घेत असे. रोज प्रार्थना करायचे. दिवसभरात काय काय केलं ते देवाला क्रमाने सांगायचे आणि शेवटी आभार मानायचे. पप्पांनी एकदा ऐकलं आणि विचारलं, "ही प्रार्थना होती की हजेरी?" मला तो विनोद वाटला.

गुरुवारी सकाळी दहा चाळीसला चार माणसांनी एका बाईला दाराच्या फळीवरून आणलं. लता भोईर, वय सव्वीस. पाण्यात बुडालेल्या घरातून तांदळाची गोणी काढताना घोट्याला साप चावला होता. पापण्या मिटत चालल्या होत्या, जीभ जड झाली होती. सोबत तिची सासू.

"वाचंल ना गो बाय ती?" सासूने माझा हात धरला.

"वाचेल. बाजूला बसा."

कॅप्टन राव बोटीवर होते. मी सेट घेतला.

"बोट टू, धिस इज मेडिक्स. स्नेक बाइट. पापण्या पडतायत, श्वास चालू. ओव्हर."

"मेडिक्स, अँटीव्हेनम द्या. दहा वायल, सलाईनमधून. ॲड्रिनलिन भरून ठेवा. मला यायला चाळीस मिनिटं. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

सापाच्या विषावरचं हे औषध पावडर असतं. प्रत्येक वायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, डिस्टिल्ड वॉटर घालून ते विरघळवायचं आणि मग सलाईनमध्ये सोडायचं. दहा वायल म्हणजे पाण्याच्या दहा ॲम्प्यूल, काचेच्या बंद कुप्या. आमची खोकी पहिल्याच दिवशी भिजून फाटली होती. लोकांनी दिलेली औषधंही त्यातच आली होती. स्वयंसेवकांनी सुट्या ॲम्प्यूल आकार बघून ट्रेमध्ये लावल्या होत्या. मी दहा उचलल्या आणि साळवेंपुढे ठेवल्या.

"फोडा."

"मॅडम, वाचून."

"वेळ नाही, साळवे. फोडा."

"तुम्ही वाचा. मी बघतो. एक मिनिट लागेल."

"मी अठरा वर्षं हेच करतेय. इट्स ॲन ऑर्डर."

"होय, मॅडम," ते म्हणाले. पण त्यांनी ॲम्प्यूल उचलली नाही. ट्रेवर पालथा हात ठेवून ते उभे राहिले. वर्गात आठ-दहा माणसं होती. सगळी आमच्याकडे बघत होती.

सासू ओरडली, "कनाला भांडताव गो? सून मरते माजी!"

मला वाद संपवायचा होता, म्हणून मी वाचायला घेतलं. चढ्या आवाजात, त्यांना टोचेल अशा पद्धतीने. डिस्टिल्ड वॉटर. डिस्टिल्ड वॉटर. अशा पाच झाल्या. सहावी उचलली.

"पोटॅशियम क्लोराईड," मी वाचलं.

दिसायला तीच ॲम्प्यूल. तोच आकार, तसंच पारदर्शक पाणी. पण पोटॅशियम शिरेतून वेगाने गेलं तर हृदय थांबतं. साळवेंनी ती माझ्या हातातून घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, "नेक्स्ट, मॅडम." आवाजात काही नव्हतं. नववीही पोटॅशियमचीच निघाली. दोन बदलल्या. अकरा वाजता औषध सुरू झालं.

चार वाजता लताने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पाचला तिला अँब्युलन्सने कल्याणला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. जाताना सासूने माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "देवानं तुजे हाताला गुण दिलाय, बाय." साळवे तीन हातांवर बेसिनपाशी ट्रे धूत होते. मी म्हणाले, "तिची काळजी घ्या." गुण यांच्या हाताला आहे, असं त्यांच्याकडे बोट दाखवून म्हटलं नाही.

साडेपाचला शुक्रवारची बोट डिटेल, म्हणजे बोटीवरची यादी, लिहिली. पाळी नाईक यादवची होती. मी यादवचं नाव लिहिलं, मग खोडून साळवे लिहिलं. बोट टिटवाळ्याच्या बाजूला जाणार होती. साळवे तिथले, त्यांना गल्ल्या माहीत होत्या, पोहता येत होतं. ही तिन्ही कारणं खरी होती. चौथं कारण असं की दुसऱ्या दिवशी कॅम्पमध्ये तो माणूस मला समोर नको होता.

यादी भिंतीवर लावली. साळवे वाचून माझ्याकडे आले.

"थँक यू, मॅडम. घराजवळची ड्यूटी दिलीत. घरी मंदाला लांबून तरी हात करीन."

"ठीक आहे," मी म्हटलं.

सात वाजता पप्पांचा फोन आला. मी सापाची केस सांगितली. बाई वाचली, असंही सांगितलं.

"देवाची कृपा. कोणी वाचवलं तिला?"

"मी होते ड्यूटीवर, पप्पा."

"तू ड्यूटीवर होतीस हे मला माहीत आहे. मी वेगळं विचारलं."

"रेंज नाहीये," मी म्हटलं आणि फोन ठेवला. रेंज होती.

शुक्रवारी सव्वासहाला बोट निघाली. कॅप्टन राव, साळवे आणि बोटीवरचे दोघे. साळवेंनी औषधांची पेटी प्लॅस्टिकमध्ये बांधली होती. नऊ पन्नासला सेट बोलला.

"मेडिक्स, धिस इज बोट टू. बोट उलटली. तीन सेफ. एक मिसिंग. ओव्हर."

"कोण मिसिंग? ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर.

"तुमचा माणूस, मॅडम. साळवे. ओव्हर."

एका सोसायटीची कंपाऊंडची भिंत पाण्याखाली होती. तिच्यावर काटेरी तार होती. बोट भिंतीला अडकून कलली आणि उलटली. साळवेंचं लाइफ जॅकेट तारेत गुंतलं. डाइव्हर दहा पस्तीसला पोचले. बॉडी दोन वीसला मिळाली. ओळख मी पटवली, वेळ लिहिली, सही केली. त्या दिवशी कॅम्पमध्ये एकशेबारा पेशंट झाले. यादव माझ्यासोबत होता. प्रत्येक लेबल तो मोठ्याने वाचत होता आणि मी बघत होते. थट्टा कोणी केली नाही.

तीनच्या सुमाराला मी प्रयोगशाळेत गेले आणि दार लावलं. गुडघे टेकले. सवयीने दिवसाची सुरुवात आठवली. सव्वासहा, बोट रवाना. त्यापुढे मला सांगता येईना. शिकलेली कुठलीच प्रार्थना तोंडात येईना. शेवटी एवढंच म्हणाले, "प्रभू, हे मला दुरुस्त करता येत नाही." लहानपणापासून प्रार्थना करत आले होते. मला येत नाही, असं देवापुढे मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. चार मिनिटांनी यादवने दार वाजवलं. एका मुलाला ताप चढला होता. मी बाहेर आले.

महिन्याभराने कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. समोर एक कर्नल होते, शांत आणि नेमके.

"हवालदार साळवेला डिटेल का केलं? रोस्टरप्रमाणे यादव होता."

"सर, साळवेंना तो भाग माहीत होता. पोहता येत होतं."

कर्नल लिहायला लागले. मी तिथेच थांबू शकले असते.

"सर, अजून आहे. आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर मला अडवलं होतं. ते बरोबर होते. मला ते डोळ्यासमोर नको होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मेजर, डिटेल बदलणं तुमच्या अधिकारात होतं. हे लिहायची गरज नाही."

"लिहा, सर."

त्यांनी लिहिलं. निष्कर्ष आला: अपघात, कोणीही दोषी नाही. फौजेच्या हिशेबाने तो बरोबरच होता. मला शिक्षा झाली असती तर भोगून संपवता आली असती. मेहनतीने पार करण्याच्या गोष्टी मला जमतात. इथे पार करायला काही ठेवलंच नव्हतं.

तो कागद पप्पांना दाखवला. त्यांनी वाचला, घडी घालून परत दिला. "यात तुझी सुटका शोधतेस?"

"हो."

"यात नाही. साळवेच्या घरी जा. आणि मदत करायला जाऊ नकोस. नुसती जा."

मी ऐकलं नाही. पेन्शनच्या कागदांची फाइल तयार करून टिटवाळ्याला गेले. साळवेंच्या पत्नी मंदाताई अंगणवाडीत काम करतात. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेब, त्यांच्याखाली युनिफॉर्ममधले साळवे. मी फाइल पुढे केली.

"झालं ते सगळं," त्या म्हणाल्या. "यादव भावजी येऊन करून गेले. तुम्ही बसा."

माझ्याकडे द्यायला काहीच उरलं नाही. मी बसले आणि सांगितलं. ॲम्प्यूल, ट्रेवरचा हात, खोडलेलं नाव, चौथं कारण. क्रमाने. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग उठून आत गेल्या. आत बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आल्या तेव्हा हातात दोन कप होते.

"त्यांनी हात केला होता मला त्या दिवशी, बोटीतून," त्या म्हणाल्या. "मी गच्चीवर होते. हसत होते ते."

त्यांनी एक कप माझ्यापुढे धरला.

"मॅडम, तुम्हाला जा म्हणू की बसा म्हणू, मला कळत नाहीये. उद्याही कळेल असं वाटत नाही. चहा झालाय, तो घ्या."

मी घेतला. कप दोन्ही हातांनी धरला.

दुसऱ्या वर्षी मी फौज सोडली आणि डोंबिवलीत राहायला आले. दर वर्षी साळवेंच्या स्मृतिदिनी टिटवाळ्याला जाते. बुद्धवंदना होते, मी मागे सतरंजीवर बसते, जेवून निघते. मंदाताईंनी मला माफ केलं का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. निघताना त्या म्हणतात, "पुढच्या वर्षी लवकर या, भाजी निवडायला हात लागतात." नम्रता म्हणजे मान खाली घालणं, असं मी समजत होते. तशी मान दर रविवारी घालतच होते. जे मागायचा आपल्याला हक्क नाही ते कोणी पुढे केलं तर घ्यावं लागतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. देवाकडूनही ते तसंच घ्यावं लागतं. दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

आमच्या चर्चमध्ये नोव्हेंबरच्या एका रविवारी गेलेल्यांची नावं वाचतात. पहिल्या वर्षी मी चिठ्ठी दिली तेव्हा पाळकसाहेबांनी चष्मा वर केला.

"हे आपल्या मंडळीतले?"

"नाही. बौद्ध होते."

"घरच्यांना चालेल?"

त्याच दिवशी मंदाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "घ्या नाव. पण नुसतं साळवे नको. हवालदार म्हणायला सांगा. ती रँक त्यांनी बारा वर्षं घासून मिळवली होती."

पाळकसाहेब तसंच वाचतात. हवालदार भास्कर साळवे. मंडळी उभी असते. सगळे आमेन म्हणतात, त्यात मीही म्हणते.