डायरीतले वीस दिवस

"तू आत नको. तू पायरीवर बस. मेंढराचा वास यायलाय."

टेलरिंगच्या दुकानाची मालकीण भर गिऱ्हाइकांपुढं हे बोलली. तिला आम्ही सगळ्या अक्का म्हणायचो. माझा तिथला पहिला दिवस. सकाळचे दहा वाजले होते, बसवकल्याणचा बाजार नुकता उघडत होता. दोन बायका ब्लाउजचं माप द्यायला उभ्या होत्या. अक्का बोलली तशी त्यातल्या एकीनं पदर नाकाला लावला. तोवर तिला कसलाच वास आला नव्हता.

मी काय केलं? मी माझ्या ड्रेसची बाही नाकाशी नेली. सगळ्यांच्या देखत स्वतःचाच वास घेतला. मग "व्हय अक्का" म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले. ते "व्हय अक्का" आठवलं की आजही कानशिलं तापतात. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी तर मान डोलावली.

वास असेलही. घरी अकरा मेंढ्या होत्या. आजोबांच्या काळात मोठा कळप होता, आता अप्पा दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जातात. मेंढरांची जागा झाडूनच मी सकाळची बस पकडायची. त्या दिवसानंतर झाडणं धाकट्या बहिणीवर ढकललं. दोनदा साबण लावायला लागले. "काय गं, लगीन ठरलंय का काय तुजं?" आई चिडवायची. मी हसायची. आईला काय सांगणार?

आमच्या सरकारी शाळेत हिंदीच्या जागी एक धंदेशिक्षणाचा विषय घेता यायचा. मी शिवणकाम घेतलं. शाळेत मशिनी दोन, त्यातली एक कायमची बंद. म्हणून दहावीला वीस दिवस खऱ्या दुकानात जायचं, मालकाच्या हाताखाली शिकायचं, रोज डायरी लिहून त्यावर मालकाची सही घ्यायची. शेवटी कलबुर्गीहून सर येऊन परीक्षा घेणार. कागदावर सगळं झकास होतं. मला आणि पूजाला अक्काचं दुकान मिळालं. पूजा आमच्याच वर्गातली, आडत्याची पोर. तिला अक्कानं आत पंख्याखाली बसवलं.

मला कटिंग शिकायचं होतं. बाकी काही नाही, फक्त कटिंग. शिवणाऱ्या गावात ढीगभर असतात. कापड टेबलावर पसरून, खडूनं मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, आखून, न घाबरता कातर चालवणारी एखादीच असते. मला ती एखादी व्हायचं होतं.

आणि कातरीपाशीच माझं घोडं अडलं. आमच्या घरात लोकर कातरायची जी कातर आहे, ती दुसऱ्या कुणी उचलायची नाही अशी रीत आहे. ज्याची कातर, त्यानंच ती शिकणाऱ्याच्या तळहातावर ठेवायची. तोवर मागायचं नाही. हात लावायचा नाही. शेजारी बसून बघत राहायचं. माझ्या थोरल्या भावानं दोन वर्षं अशी वाट बघितली. अप्पांनी कातर हातावर ठेवली, त्या दिवशी तो जेवलाच नाही खुशीनं.

मग मीही वाट बघत बसले. पायरीवरून टेबलावरची अक्काची कातर दिसायची, काळ्या मुठीची. पूजानं पहिल्याच दिवशी ती सरळ उचलली. "अक्का, मी कापू?" मला वाटलं, आता हिची चांगलीच खरडपट्टी निघणार. अक्का हसली. तिच्यामागं उभं राहून तिनं कातर कशी धरायची ते दाखवलं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, माझीही पाळी येईल. मी चांगली वागले, तर येईल.

मी चांगली वागले. दुकान झाडलं. समोरच्या हॉटेलातून चहा आणला, कप धुतले. चिंध्या निवडल्या, सुती वेगळ्या, अस्तराच्या वेगळ्या. पुढं पुढं हूक लावायला मिळाले, तेही उन्हात, पायरीवर. बोटांची सुईनं चाळणी झाली. एकदा एका बाईनं मला दुकानातली कामवाली समजून पिशवी रिक्षापर्यंत न्यायला लावली. मी नेली.

बाराव्या दिवशी शाळेतल्या शिवणकामाच्या मॅडम बघायला आल्या. दुकानात अक्का त्यांना सांगत होती. मला पायरीवर स्वच्छ ऐकू येत होतं.

"ती कातरीला हातच लावत न्हाई बघा. मी काय करू? आवडच न्हाई पोरीला. ह्यांच्यात कुठं असतंय शिकायचं."

मॅडम बाहेर आल्या. "कामून गं? कातर कामून धरत न्हाईस?"

घरची रीत सांगायची लाज वाटली. मेंढरांचा विषय पुन्हा निघाला असता. मी चपलेकडं बघत राहिले.

"डायरी तरी नीट लिही," मॅडम म्हणाल्या. "पूजाची बघून लिही."

मी लिहिली. हे सांगताना जीभ जड होते, पण सांगते. जबरदस्ती कुणी केली नाही. पूजाची डायरी मांडीवर घेऊन मी पानंच्या पानं उतरवली. आज कटोरी ब्लाउज कापायला शिकले. आज तीन मापांचे मुंढे कापले. आज प्रिन्सेस कट. माझं अक्षर पूजापेक्षा चांगलं. अक्कानं न वाचता वीस सह्या ठोकल्या. आणि ते वाचताना मला बरं वाटत होतं. खोटं असूनही बरं वाटत होतं. घरी मी अप्पांना ती डायरी वाचून दाखवली. त्यांनी गावभर सांगितलं.

झालं. दुसऱ्याच दिवशी आत्या दारात. तिच्या पोरीच्या साखरपुड्याचं ब्लाउजपीस घेऊन. "बाहेर कशाला द्यायचं? आपल्या घरातच कारागीर झालीया." मी कापड घेतलं आणि पेटीत तळाशी ठेवलं. अभ्यास आहे म्हटलं. मशीन नाही म्हटलं. साखरपुडा उरकला, पोरीनं जुनंच ब्लाउज घातलं. त्या मांडवात मी कुणाच्या पंगतीला बसले, काय खाल्लं, मला काही आठवत नाही.

परीक्षेला कलबुर्गीचे सर आले. डायरी चाळून खूश झाले. टेबलावर कापड होतं, कातर होती. "ड्रेसचा पुढचा भाग काप," म्हणाले.

मी थांबले. सवयच ती. सर कातर देतील म्हणून थांबले.

"घे की. बघायलीस काय?"

मी उचलली. कापडाची कातर, आयुष्यात पहिल्यांदा. अंगठा कुठं घालायचा ते कळेना. कापडाची घडी घातली, खडू ओढला आणि कापलं. उघडलं तर पुढच्या भागाचे मधोमध दोन तुकडे. ज्या बाजूला घडी, तिकडूनच मी कातर घातली होती. पहिल्या दिवशी शिकणारीही एकदाच करते ती चूक. मागं पोरी फिसकन हसल्या. पूजा हसली नाही. ती खाली बघत होती.

सर मात्र रागावले नाहीत. पेन काढलं.

"असू दे, असू दे. डायरी झकास हाय. पूर्ण मार्क देतो. तुम्हा लोकांना कुठं दुकान टाकायचंय?"

तुम्हा लोकांना. पायरीवर बसवलं तेव्हा मला माझी लाज वाटली होती. आता त्या मार्कांची वाटली. शिकवायचं नव्हतंच कधी कुणाला आम्हाला, फक्त पास करून घरी पाठवायचं होतं. आणि त्या खोट्यावर हस्ताक्षर माझं.

"सर, मार्क लिहू नका."

"काय?"

"डायरी खोटी हाय. मी वीस दिवस पायरीवर होते. झाडलं, चहा आणला, हूक लावले. कटिंग मला कुणी शिकवलं न्हाई. मी बघून उतरवलंय."

मॅडमनी माझं मनगट धरलं. "गप बस गं. माजी नोकरी जाईल." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या वर्षाच्या बोलीवर लागलेल्या, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले नाही. सरांसमोरची डायरी ओढून घेतली आणि एकेका पानावर, अक्काच्या सहीच्या खाली, खरं काय केलं ते लिहीत गेले. झाडलं. चहा. चिंध्या. वीसही पानं पुरी केली.

सरांनी माझ्या नावापुढं "गैरहजर" लिहिलं. मी त्यांच्यापुढं उभी होते.

मॅडमना पुढच्या वर्षी शाळेनं बोलावलं नाही. माझ्यामुळं की आणखी कशानं, मला ठाऊक नाही. ते ओझं मी दुसऱ्या कुणावर टाकत नाही.

घरी अप्पा भडकले. "आयतं पदरात पडत होतं, कामून ढकललंस?" मग मी सगळं सांगितलं. पायरी, वास, कातरीची वाट बघणं. आत्याचं कापडही पेटीतून काढून पुढं ठेवलं. अप्पांनी ते कापड उलगडून बघितलं. नंतर म्हणाले, "येडी हायस तू. ती रीत शिकवणाऱ्यावर हाय. त्यानं एक दिवस हातात द्यायचीच, असं हाय ते. ज्याला द्यायचीच न्हाई, त्याच्यापुढं कसली रीत?"

एवढं साधं होतं. मला दहावीपर्यंत कळलं नव्हतं.

आत्याला कापड मी स्वतः नेऊन दिलं. मला येत नाही, असं तिच्या तोंडावर सांगितलं. तिनं कापड घेतलं. बसायला सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी शाळेतल्या नव्या पोरी दुकानांत जाणार आहेत. आमच्या गावच्या तिघी आहेत, दोघींच्या घरी मेंढरं. त्या अक्काकडंच जाणार. मी हेडमास्तरांना भेटले. ते म्हणाले, "तू शाळा सोडलीस, तुझा काय संबंध?" संबंध आहे. पुरवणी परीक्षेत लेखी पेपरावर तो विषय सुटला, आता माझं कॉलेज अकराला भरतं. दहा वाजता मी त्या दुकानाच्या दारात असेन. त्या तिघींना आत टेबलापाशी घेतलं नाही, तर मी त्यांना पायरीवर टेकूसुद्धा देणार नाही. तिथून उठवून सरळ हेडमास्तरांच्या टेबलापुढं नेऊन उभं करीन. मंगळवारी पुन्हा. बुधवारी पुन्हा. वीसच्या वीस दिवस.