इंजिनावरचा पेला

भावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या भाजी मार्केटबाहेर रिक्षात बसले होते आणि त्यांनाच फोन लावणार होते. त्यांच्या जुन्या निळ्या गाडीला मी गिऱ्हाईक शोधलं होतं. भाव ठरवला होता, कागद तयार होते, फक्त त्यांनी हो म्हणायचं बाकी होतं. तेवढ्यात ताईचाच फोन वाजला. "सुमन, तू घरी ये. दवाखान्यात नको जाऊस, ह्यांना घरीच आणतायत." पहाटे छातीत दुखायला लागलं होतं आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी रिक्षावाल्याला मागे वळायला सांगितलं. घरी पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात कामांची ओळ लागून गेली होती... मोऱ्याला गावी त्यांच्या आईंना कोण सांगणार, शाळेत कोण कळवणार, खुर्च्या कुठून आणायच्या. माझं हे असंच आहे. काही झालं की मी आधी यादी करते आणि मग रडते. यादी लांब असली तर रडायचं राहून जातं.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे मोऱ्याच्या कोळीवाड्यातले. वडिलांची होडी होती, पण वडिलांनीच हट्टानं मुलाला शिकायला पनवेलच्या वसतिगृहात ठेवलं आणि तो पुढे इथल्याच एका शाळेत इतिहासाचा मास्तर झाला. होडी सुटली, होडीच्या इंजिनाचं वेड मात्र सुटलं नाही. इंजिन आपल्याला कळतं असं त्यांना मनापासून वाटायचं. खरं सांगायचं तर अर्धंच कळायचं. डिझेलच्या होडीचे नियम ते पेट्रोलच्या गाडीला लावायचे आणि गॅरेजवाला तोंड फिरवून हसायचा.

ती निळी गाडी त्यांनी जुनीच घेतली, दोन हजार सालानंतर केव्हातरी. दर रविवारी आईंना भेटायला मोऱ्याला जाता यावं म्हणून. ताईला गाडी त्यांनीच शिकवली, खारघरला ओवे गावाच्या बाजूला तेव्हा मोकळे प्लॉट पडलेले असायचे, तिथे. ताई चांगली शिकली. माझ्यापेक्षा शांत डोक्याची, त्यामुळे गिअर बदलताना कधी घाई नाही की खडखडाट नाही. मग एका रविवारी मोऱ्याला जाताना तीच चालवत होती, भावजी शेजारी, मी मागे. वाटेत जासईला कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती. आम्ही थांबलो, इंजिन धडधडायला लागलं, सगळी गाडी हलली आणि बंद पडली. ताईनं चालू केली. पुन्हा बंद. पुढची रांग सरकली, मागचा ट्रेलर हॉर्नवर हात ठेवून बसला, आणि त्याच्या केबिनमधून एकजण ओरडला, "मॅडम, घर बैठो ना." भावजी हळू आवाजात म्हणत होते, "पडू दे बंद. तू चावी फिरव." पण ताई दार उघडून रस्त्यावर उतरली. चावी त्यांच्या हातात दिली आणि माझ्याशेजारी मागे येऊन बसली. मोऱ्यापर्यंत भावजींनीच चालवली. त्यानंतर ती स्टिअरिंगला शिवली नाही.

तेव्हापासून भावजी त्या बिघाडाच्या मागे लागले. रविवारी सकाळी, निघायच्या आधी, बिल्डिंगखाली बॉनेट उघडलेलं असायचं. गाडी चालू करून ते एअर फिल्टरच्या सपाट झाकणावर स्टीलचा एक पेला ठेवायचे, काठोकाठ पाणी भरून. पेल्यावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. वसतिगृहात भांडी हरवतात म्हणून आईंनी जाताना कोरून दिलेलं. इंजिन ठीक असेल तर पाण्यावर बारीक, सारख्या रेषा उमटतात, असं त्यांचं म्हणणं. आमच्या पेल्यातलं पाणी मधूनच उसळून बाहेर सांडायचं. "चुकतोय एखादा ठोका," ते म्हणायचे आणि कान तिरका करून उभे राहायचे.

एका वेळी ते एकच गोष्ट बदलायचे. आधी प्लग. मग आठवडाभर गाडी चालवून बघायची. मग प्लगच्या वायरी. मग पेट्रोलचा फिल्टर. मला हे सहन व्हायचं नाही. "एकदम सगळं बदलून टाका ना भावजी," मी म्हणायचे, "एका दिवसात काम संपेल."

"आणि बरी झाली तर कशानं झाली ते कसं कळणार?"

"कशाला कळायला हवं? बरी झाली ना."

"हेडक्लार्कबाई, तुम्हाला नुसती टिक करायचीय." मी कॉलेजच्या ऑफिसात आहे, त्यावरून हा टोमणा ठरलेला.

गॅरेजवाल्यानं एकदा त्यांच्या नकळत रेस वाढवून दिली. थांबल्यावर इंजिन नुसतं घोंघावायचं, पण बंद पडायचं नाही. मी म्हटलं, झालं की काम. भावजींनी दुसऱ्याच दिवशी स्क्रू फिरवून रेस खाली आणली. "हा इलाज नाही, हे तोंड दाबणं झालं." आणि मग, पहिल्यांदाच, कारण सांगितलं. "तिला वाटतं चूक तिची होती. गाडीत खोट आहे हे मी हजारदा तोंडानं सांगितलं, तिला पटत नाही. ती खोट काढून तिच्या हातावर ठेवली पाहिजे." मी वर बघितलं. ताई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिला ऐकू गेलं असावं.

गेल्या हिवाळ्यात ती खोट सापडली. इंजिनामागे रबराची एक पातळ नळी असते. ती कडक होऊन तिला चीर गेली होती. इंजिन तापलं की चीर उघडायची, नको तेवढी हवा आत ओढली जायची आणि ठोका चुकायचा. इंजेक्शनच्या सिरिंजनं भावजी एकेका जोडावर पाणी सोडत होते. त्या नळीवर पाणी पडताच चीर क्षणभर बुजली आणि पेल्यातलं पाणी स्थिर झालं. त्यांनी खालून हाक मारली, "अगो, ये खाली. सापडली." घाईत ते मोऱ्याचंच बोलायचे. ताई गॅलरीत आली. "बरं झालं. चहा टाकलाय," म्हणाली आणि आत गेली. त्यांनी नळी बदलली, जुनी कापून काढलेली नळी तिला दाखवायला वर घेऊन गेले. तिनं ती हातात घेतली, बोटानं चीर चाचपली आणि परत दिली. पुढच्या रविवारी त्यांनी चावी तिच्यापुढे धरली. ती डावीकडच्या दारानं जाऊन बसली. त्यांनी आग्रह केला नाही. पण दर रविवारी चावी पुढे धरायचं मात्र सोडलं नाही.

मला ते बघवत नव्हतं. त्यातून त्यांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. म्हणून मी गिऱ्हाईक शोधलं... आणि विचारायचं राहून गेलं.

ते गेल्यानंतरचे आठवडे मी धावण्यातच काढले. दाखला, पेन्शन, बँक, गॅसचं नाव. एक काम संपलं की हात रिकामे वाटायचे, म्हणून मी दुसरं काढायचे. मोऱ्याहून आईंचा फोन यायचा. त्यांना सगळं कळलेलं होतं, तरी विचारायच्या, "आयतवारी कोन येतंय गो?" गुडघे धरलेल्या ताईला एसटी आणि पुढे रिक्षा, हे झेपणारं नव्हतं. मी म्हटलं, मी भाड्याची गाडी बघते आणि ही विकून टाकू, गिऱ्हाईक अजून थांबलंय. "रविवारी नको बोलवूस त्याला," ताई म्हणाली. "रविवारी मोऱ्याला जायचंय." आणि खुंटीवरची चावी तिनं काढून पदराला पुसली.

इतके आठवडे उभ्या गाडीची बॅटरी उतरली होती. शेजाऱ्यांनी त्यांच्या गाडीवरून वायर जोडून इंजिन चालू करून दिलं. नळी नवी होती, तरी ते थरथरत, गचके खात चालायला लागलं. मी फोन काढला. "थांब, मेकॅनिकला बोलावते."

"आधी तापू दे." ताईनं बॉनेट उघडून पेला ठेवला. पाणी उसळून सांडलं. तिनं पुन्हा भरला. मी काच पुसली, चाकं बघितली, डिकी आवरली, पुन्हा काच पुसली. ती नुसती उभी होती, कान तिरका करून. हळूहळू पाण्यावरचा खळबळाट कमी झाला. अगदी थांबला नाही. "एवढं चालेल," ती म्हणाली आणि पेला माझ्या हातात देऊन उजवीकडे जाऊन बसली.

गव्हाणफाट्यापर्यंत मी तिच्या पायांकडेच बघत होते. जासईला रांग होती. आम्ही थांबलो, इंजिन दोनदा गचकलं आणि बंद पडलं. मागून हॉर्न आला. पेल्यातलं उरलेलं पाणी माझ्या साडीवर सांडलं होतं आणि माझा हात दाराच्या कडीवर गेला होता. ताईनं गिअर काढला, चावी फिरवली. इंजिन खोकलं. ती थांबली, पुन्हा फिरवली. चालू झालं. हॉर्न तसाच वाजत होता. "वाजवू दे त्याला," ती म्हणाली, आणि आम्ही पुढे सरकलो.

मोऱ्याला आई दारात बसल्या होत्या. त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग ताई कोणत्या दारातून उतरली ते.

"कोन चालवत आयला?"

"मीच."

"बंद नाय परली?"

"पडली. जासईला."

"मंग?"

"मग काय, चालू केली."

आईंनी माझ्या हातातला पेला घेतला. कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवत त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या. मला वाटलं, त्या तो ठेवून घेतील. निघताना त्यांनी तो पाण्यानं भरून ताईच्या हातात दिला.

गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून कळवलं. आता दर रविवारी तो पेला गाडीत असतो आणि वळणावर हमखास सांडतो. परवा मी ताईला म्हटलं, घट्ट झाकणाची एक बाटली आणून देते, हा घरात ठेव. तिनं पेला पुसून जागेवर ठेवला.

"बाटलीतलं पाणी हललेलं कळत नाही, सुमन."