शनिवारची करवत

लग्नानंतर काही वर्षांनी आमच्या ह्यांनी होटगीजवळ जमिनीचा एक लहानसा तुकडा घेतला. हे मूळचे नातेपुत्याकडच्या शेतकरी घरातले, नोकरी रेल्वेत आणि आमचं बिऱ्हाड सोलापुरात, शुक्रवार पेठेत पत्र्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. तुकडा म्हणजे काय, कडेनं बाभळी आणि मधोमध एक कडुलिंब. बाभळी छाटायच्या, हे मलाही मान्य होतं. पण लिंबाच्या सावलीत ज्वारी उठत नाही, म्हणून तोही पाडायचा, असं ह्यांच्या मनात होतं. मला तो लिंब हवा होता. सोलापूरच्या उन्हात, पत्र्याखाली भाजून निघालेल्या बाईला सावली किती गोड लागते हे ज्वारीला काय कळणार?

सरळ विरोध केला असता तर ह्यांनी दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाड उचलली असती. स्वभाव मला पाठ होता. म्हणून झाडावरून भांडायचंच नाही, फक्त करवत लहान येईल एवढं बघायचं, असं मी ठरवलं. लहान करवतीनं बाभळीच्या फांद्या निघतील आणि लिंबाचं खोड बचावेल.

ह्यांची सुट्टी शनिवारी. त्या दिवशी आम्ही अवजारांच्या दुकानात गेलो. भिंतीवर टांगलेली लाकडी मुठीची, वाकडी हातकरवत मी आत शिरतानाच हेरली. ह्यांची नजर मात्र काउंटरवरच्या यंत्रावर खिळली. पेट्रोलवर चालणारी, साखळीची करवत. दुकानदारानं ती मुंबईहून आणून देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी मांडली होती. हे तिच्यावरून हात फिरवू लागले. इतक्या मायेनं ह्यांनी माझ्या लग्नातल्या शालूकडे नुसतं पाहिलंही नव्हतं.

मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. शनिवारी लोखंड विकत घेत नाहीत, सासूबाईंना काय सांगायचं, असं मी हळूच, पण दुकानदाराला ऐकू जाईल इतपत म्हणाले. यंत्र म्हणजे काही लोखंड नव्हे, असं ह्यांचं म्हणणं. मग साखळी कशाची, असं मी विचारलं. दुकानदाराच्या कपाळावर भस्माचे ठळक पट्टे होते. हा माझ्याच बाजूचा, असं मी धरून चालले होते.

"अक्का, आज विकत घेऊच नका की," तो म्हणाला. "आज पाव्हणी म्हणून न्या. सौदा सोमवारी करू."

हे खुलले. माझा डाव माझ्यावरच उलटला होता. मी गरीब चेहरा करून म्हटलं, पाहुणी घरी नेण्याआधी तिचा आवाज तरी ऐकू या.

दुकानदारानं यंत्र बाहेर ओट्यावर ठेवलं. ह्यांनी दोरी ओढली. यंत्र खोकलं आणि गप्प बसलं. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. बघे जमले. कुणी तेलुगूत सल्ला देऊ लागलं, कुणी दखनीत. शेवटी ह्यांनी दातओठ खाऊन असा हिसका दिला की यंत्र केवढ्यांदा तरी गरजलं आणि थरथरत ओट्याच्या कडेकडे सरकू लागलं. हे दोन ढांगांत रस्त्यापलीकडे. दुकानदारानं यंत्र बंद केल्यावर हे परत आले, टोपी सारखी केली आणि आपल्या कामाला हातकरवतच बरी, असं आपणहून म्हणाले. मी पदर तोंडाला लावला. हातकरवत पाहुणी म्हणून आमच्या घरी आली.

पुढच्या शनिवारी होटगीला ह्यांनी बाभळी झकास छाटल्या. मग लिंबाकडे वळले. करवत खोडात बोटभर शिरली आणि अडकली. हे ओढत राहिले, घामानं निथळले, अखेर ती सोडवून तिथंच सावलीत बसले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"लिंब पाडायचा नव्हता, तर तसं सांगायचं की," हे म्हणाले.

"सांगितलं असतं, तर ऐकलं असतं तुम्ही?"

ह्यांनी खरोखर विचार केला. सावकाश पाणी प्यायले, वर फांद्यांकडे पाहिलं.

"न्हाय," म्हणाले, आणि टोपी तोंडावर घेऊन तिथंच आडवे झाले.